तृतीय पुरुष

मुलगा नांदेडला अभियांत्रिकीला आहे, वय एकोणीस. दिवाळीत लातूरला आला आणि एका वापरलेल्या पोलो टीएसआयसाठी हट्ट धरून बसला. गाडी २०२० ची, इंजिन ९९९ सीसी, ताकद ११० अश्वशक्ती. विलायतेत कोवळ्या वयाच्या चालकाला वेगवान गाडीचा विमा परवडत नाही. इथेही हप्त्याचा आकडा ऐकून विषय परस्पर मिटेल, अशी माझी काहीशी भित्री आशा होती.

विमा प्रतिनिधीने मुलाचे वय विचारलेही नाही. आपल्याकडे तृतीय पक्षाच्या विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ च्या दरांनुसार हजार सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये. म्हणजे आमच्या प्राचार्यांची ७९६ सीसीची मारुती ८०० आणि ही, एकाच पंगतीला!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार हा विमा सक्तीचा. पहिला पक्ष मालक, दुसरा कंपनी, तिसरा रस्त्यावरचा कोणीही. वर्गात मी तृतीय पुरुष शिकवतो: ज्याच्याविषयी बोलायचे, पण जो संवादात नसतो, तो. अहमदपूरच्या बाजाराला निघालेला सायकलस्वार, लोह्याजवळ रस्ता ओलांडणारी म्हातारी. पॉलिसीत त्यांची नावे नसतात. मला मात्र त्यांचे चेहरे दिसू लागले.

गाडी अखेर माझ्या नावावर घेतली. सही करताना हात रेंगाळला, तसा मुलगा म्हणाला, "बाबा, घाबरता कशाला? विमा आहे ना!"

मी पेनाला टोपण लावले. म्हटले, "नांदेडपर्यंत पहिल्या खेपेला मी शेजारी बसणार."