हॉलमार्क जे सांगत नाही

रमजानच्या पहिल्या अशऱ्यात आमच्या घरी एक काम ठरलेले असते. कपाटातला जुना पितळी डबा बाहेर निघतो, सोन्याचे वजन होते आणि जकातीचा हिशेब मांडला जातो. साडेसात तोळ्यांच्या निसाबापासून सुरुवात करून आम्ही दोघे वहीत आकडे लिहितो, मुले शेजारी बसून बघतात. आपल्या मालात गरिबांचा हक्क आहे, हे मुलांना शिकवण्यासाठी याहून चांगला धडा नाही, असे आम्हाला वाटत आले आहे.

यंदा त्या डब्याभोवती आणखी एक हिशेब सुरू झाला. लेकीचा निकाह बकरी ईदनंतर ठरला आहे. मुलाकडच्यांनी काहीही मागितलेले नाही, उलट साधेपणाने करू असेच कळवले. पण लेकीच्या मोठ्या फुफींचे म्हणणे वेगळे होते. "थोरलीला दहा तोळे घातले. हिला कमी घातले तर चारचौघांत काय तोंड दाखवायचे?" आम्हालाही ते पटत होते. भाव कितीही वाढला तरी पतपेढीतून कर्ज काढून दहा तोळे पुरे करायचे, असे आम्ही मनात ठरवूनही टाकले होते.

लेक रसायनशास्त्रात एमएस्सी करते आहे. तिसऱ्या रोजाच्या इफ्तारीनंतर ती म्हणाली, "फुफी, हे सोने कुठून येते, माहीत आहे तुम्हाला?"

"सराफाकडून येते, आणखी कुठून?" फुफी हसल्या.

मग लेकीने तिच्या सेमिनारसाठी केलेली टिपणे आणली. विषय होता नद्यांमधला पारा.

पारा म्हटले की आम्हाला शाळा आठवते. लहानपणी वर्गातला थर्मामीटर फुटला, तेव्हा बाकावर सांडलेले चकचकीत थेंब आम्ही तळहातावर घेऊन खेळलो होतो. कोणी रागावले नाही, कारण त्यात काही धोका आहे हे मास्तरांनाही ठाऊक नव्हते. उर्दू शिकवताना बेचैन मनाला सीमाबची, म्हणजे पाऱ्याची, उपमा देतात हे आम्ही मुलांना किती वेळा सांगितले असेल! एका जागी न ठरणारा पदार्थ. तो नदीत पडला तर कुठवर जातो, हे मात्र लेकीकडून कळले.

दक्षिण अमेरिकेत ब्राझीलच्या जंगलातून तापाजोस नावाची नदी वाहते आणि सांतारेम शहराजवळ ॲमेझॉनला मिळते. तिच्या खोऱ्यात 1958 पासून सोने काढले जाते. 1980 नंतरच्या दशकात तर हजारो माणसे तिकडे धावली. ही माणसे मोठ्या कंपनीची नोकर नसतात. पंपाच्या जोरदार पाण्याने काठाची माती फोडायची, तो गाळ उतरत्या फळीवरून वाहू द्यायचा आणि खाली बसलेल्या जड रेतीत पारा मिसळायचा, अशी त्यांची रीत. सोन्याचे बारीक कण पारा धरून ठेवतो. त्याचा गोळा झाला की त्यावर आगीचा झोत सोडतात. पारा वाफ होऊन उडतो आणि सोने उरते. काही पारा गाळाबरोबर थेट नदीत जातो, उडालेला पावसाबरोबर खाली येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2015 मध्ये माणसाच्या उद्योगांमुळे हवेत गेलेल्या पाऱ्यापैकी सुमारे 38 टक्के पारा अशा लहान सोनेखाणींतून आला होता. कोळसा जाळण्यातून आलेल्या पाऱ्यापेक्षाही तो जास्त.

नदीच्या तळाशी, जिथे प्राणवायू कमी असतो, तिथले जिवाणू या पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरी नावाचे विष करतात. ते पाण्यातल्या सूक्ष्म जिवांत शिरते, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत साठते, लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी साठते. पाणी गाळून किंवा मासा शिजवून ते जात नाही. ॲमेझॉनच्या मातीत निसर्गतःही पारा असतो. जंगल तोडले की ती माती वाहून नदीत येते, म्हणजे दोन्ही बाजूंनी भर पडते.

त्या नदीकाठी मुंडुरुकू नावाची आदिवासी जमात राहते. मासा हेच त्यांचे रोजचे जेवण. 2019 मध्ये ब्राझीलच्या ओस्वाल्दो क्रूझ फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या तीन गावांतल्या 200 जणांचे केस तपासले. पारा प्रत्येकात सापडला, आणि दहापैकी जवळजवळ सहा जणांत तो धोक्याच्या मर्यादेपेक्षा जास्त होता. तपासलेल्या सगळ्या माशांतही तो होता.

"मग त्यांनी मासे खाणे सोडावे," फुफी म्हणाल्या.

आम्ही कोकणातली माणसे. हे वाक्य आमच्या घरात कोणी आमच्याबद्दल बोलले असते तर कसे वाटले असते? मासा सोडायचा तर पानात वाढायचे काय? लेकीने सांगितले की हाच प्रश्न तापाजोसच्या काठी काम करणाऱ्या कॅनडा आणि ब्राझीलच्या संशोधकांना पडला होता. त्यांनी गावातल्या बायकांबरोबर बसून कोण काय खाते याच्या नोंदी केल्या. त्यातून निघालेला सल्ला साधा होता: जे मासे दुसरे मासे खात नाहीत, ते जास्त खा. फळे आणि झाडपाला खाणाऱ्या माशांत पारा कमी असतो. जे लोक फळे जास्त खातात त्यांच्या शरीरातही पारा कमी आढळतो, असे त्याच अभ्यासात दिसले. हा सल्ला आपल्या स्वयंपाकघरालाही लागू आहे. घरात गरोदर बाई असेल तर मोरीसारखा मोठा शिकारी मासा टाळावा, तारली, बांगडा, मांदेली खुशाल करावी.

गरोदर बाईचा विषय निघाला तसे आमचे लक्ष लेकीकडे गेले. मिथाइल मर्क्युरी वार वाहून बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. याचा सर्वांत कडू पुरावा इराकात मिळाला. 1971 च्या अखेरीस तिथे पेरणीसाठी परदेशातून बियाणे आले. कीड-बुरशी लागू नये म्हणून त्याला हेच विष चोळलेले होते. इशारा परक्या भाषेत छापलेला. भुकेल्या शेतकऱ्यांनी त्या गव्हाच्या रोट्या भाजल्या. 6,500 हून जास्त लोक दवाखान्यांत दाखल झाले, 459 जण तिथे दगावले. ज्या आयांना थोडाच त्रास झाला होता, त्यांच्यातही काहींची बाळे मेंदूला इजा घेऊन जन्मली. मुंडुरुकू आया आज ज्या भीतीत आहेत ती हीच आहे.

फुफी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण आपल्या बांगडीचा आणि त्या नदीचा काय संबंध? आपण हलाल कमाईतून घेतो."

प्रश्न रास्त होता. आमची बांगडी तापाजोसच्या सोन्याची आहे असे कोणी म्हणू शकत नाही. पण नाही असेही कोणी सांगू शकत नाही. भारतात वर्षाला साधारण 700 ते 800 टन सोने खपते आणि त्यातले बहुतेक बाहेरून येते. जगात दरवर्षी खाणींतून निघणाऱ्या सोन्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा अशा लहान खाणींतला असतो. ते शुद्धीकरणाच्या भट्टीत गेले की सगळ्या वाटांचे सोने एक होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या सराफाकडे गेलो. तीन पिढ्यांचा घरोबा. त्यांनी दागिन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षरांचा क्रमांक दाखवला. "सर, शुद्धतेची खात्री मी देतो. बिस्किटाच्या मागची वाट मात्र मलाही ठाऊक नाही." हे प्रामाणिक उत्तर आम्हाला आवडले. पण ते मनात राहिले. जकात काढताना आम्ही रत्तीरत्तीचा हिशेब करतो. कमाई हलाल आहे ना, हे बघतो. मग ज्या वस्तूवर आयुष्यभराची कमाई घालतो, ती कोणाच्या मुलाच्या ताटातून तर आली नाही ना, हे विचारायचे आमच्या डोक्यात कधी का आले नाही? हुकूकुल इबाद फक्त शेजारच्या घरापुरते असतात का?

खाण खणणाऱ्यांना शिव्या देऊन काही साधणार नाही. त्यांतले पुष्कळ जण दुष्काळी भागातून पोटासाठी आलेले असतात आणि ती वाफ आधी त्यांच्याच छातीत जाते. पाऱ्याशिवायही सोने निघते. फिलिपिन्सच्या बेंगेट भागातले खाणकामगार कित्येक वर्षे टाकणखार वापरून सोने काढतात. आमचे सराफ हे ऐकून हसले, कारण मुशीत टाकणखार तर तेही रोज टाकतात. मिनामाता करार 2017 मध्ये लागू झाला, भारत 2018 मध्ये त्यात सामील झाला. लहान खाणींतला पारा कमी करत न्यावा, जमेल तिथे बंद करावा, असे तो करार सांगतो. पण सोन्याची मागणी आणि भाव चढत राहिला की नदीवरचे पंपही वाढत राहतात.

शेवटी लेकच म्हणाली, "मला नवे सोने नको. डब्यातले आहे ते द्या."

फुफी रुसल्या. दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या, हातरुमालात बांधलेल्या आपल्या अम्मींच्या दोन पाटल्या घेऊन. "या कुठल्या नदीतल्या आहेत ते अल्लाहला ठाऊक. पण नव्याने कोणाचे पाणी नासणार नाही. माझ्याकडून हिला."

डब्यातल्या जुन्या वस्तू आणि त्या पाटल्या मिळून सहा तोळ्यांच्या आत बसते आहे. नवे घ्यायचे नाही, कर्जही काढायचे नाही, असे ठरले. आमच्या चार तोळ्यांनी तापाजोस निवळणार नाही, हे आम्हाला कळते. पण पुढच्या रमजानला डबा उघडू तेव्हा मुलांना वजनाबरोबर ही गोष्टही सांगू.

सराफाने पाटल्या वितळवायला घेतल्या तेव्हा फुफी मुशीजवळच बसून होत्या. सोने पाणी झाले, तसे त्यांनी हळूच विचारले, "यातून वाफ तर येत नाही ना?"