काचेवरची वाफ

शोरूममध्ये गेलं की विक्रेता आधी मोठा स्क्रीन दाखवतो, मग सनरूफ उघडतो, मग आतले रंगीत दिवे लावतो. पुढची काच आतून धुकट झाली तर ती किती पटकन निवळते, हे मला आजवर कुणी आपणहून दाखवलेलं नाही. माहेर कऱ्हाडला आणि सासर चिपळूणला असल्यामुळे मी मात्र गाडीची पारख याच एका गोष्टीवरून करत आले.

या वाटेवर कुंभार्ली घाट आहे. पाटण, कोयनानगर मागे पडलं की आषाढात ढग रस्त्यावरच उतरतात. बाहेर धो धो पाऊस, आत बंद काचा, ओल्या छत्र्या आणि दाटीवाटीनं बसलेली माणसं. श्वासातली दमट, उबदार हवा गार काचेला लागते आणि तिच्यातली वाफ बारीक थेंब होऊन काचेवर धरते. शास्त्र एवढंच आहे, पण समोरून ट्रक येत असताना तेवढ्यानं चालवणारा आंधळा होतो.

माझ्या वडिलांची, अण्णांची, प्रीमियर पद्मिनी होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, समोर ओढायचा चोक आणि पुढच्या दाराला मोठ्या काचेच्या पुढे एक छोटी तिकोनी काच. ती तिकोनी काच मला गाडीतली सगळ्यात शहाणी वस्तू वाटायची. अण्णा रस्त्यावरून नजर न काढता तिची कडी सोडायचे, काच तिरकी करायचे आणि बाहेरचा वारा आत यायचा. आईच्या पदरावर चार शिंतोडे उडायचे, पण समोरची काच निवळायला लागायची. उरलेलं काम आई फडक्यानं करायची. वायपरचं रबर झिजलेलं असलं की निघण्याआधी बाहेरून काचेवर बटाट्याची फोड चोळायची. मग पाणी काचेवर साचून राहत नसे. पुढे गाड्यांच्या खिडक्यांना एकसंध काच आली आणि ती तिकोनी काच गेली. मला तिची हळहळ अजून वाटते.

लग्नानंतर आमच्या घरी मारुती ८०० आली, आणि तिच्यानंतरच्या गाडीत एसी. पावसाळ्यात एसी कशाला, असं घरातली वडील माणसं म्हणत, आणि मलाही तो उन्हाळ्याचाच लाड वाटे. आमच्या फिटरनं तो समज दूर केला. तो म्हणाला, "वहिनी, एसी नुसता गार करत नाही, हवा कोरडी करतो. गाडीखाली पाणी ठिबकतं ना, ती आतलीच ओल." एसी लावायचा, झोत पुढच्या काचेवर सोडायचा, आतलीच हवा फिरवायचं बटण बंद ठेवायचं आणि गारवा थोडा कमी करायचा. गारवा फार ठेवला तर दमट कोकणात काच उलट बाहेरून धुरकटते. ती वायपरनं पुसली जाते. तेव्हापासून एसीला मी चैन मानत नाही. मागच्या काचेतल्या तापणाऱ्या बारीक तारा आणि मागचा वायपर यांनाही नाही. पण आपल्याकडे या दोन गोष्टी बहुतेक वेळा महागड्या व्हेरिएंटमध्येच मिळतात. स्वस्तातली गाडी घेणारा काय पावसात घाट चढत नाही?

आता मुलाची नवी गाडी आहे. तिच्यात एसीचं जवळजवळ सगळं काम स्क्रीनवर गेलंय. गेल्या पावसाळ्यात घाटात काच धरली तेव्हा मुलगा चालवत होता आणि मी शेजारी बसून त्या गुळगुळीत स्क्रीनवर बोट दाबत होते. खड्ड्यानं हात हलला की बोट भलतीकडे पडायचं. मी शेजारी नसते तर त्याला तेवढा वेळ रस्त्यावरची नजर काढावी लागली असती. याला मी सुधारणा म्हणणार नाही. हाताला उंचवटा लागतो, खाच लागते, म्हणून डोळे मोकळे राहतात. सपाट काचेवर हाताला काहीच सापडत नाही.

स्वीडनमधल्या 'वी बिलॅगेरे' या मासिकानं २०२२ साली याची चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगानं गाडी चालवताना काचेवरची वाफ घालवणं, रेडिओ लावणं अशी साधी कामं करायची, आणि तीही गाडीची सगळी व्यवस्था आधी समजून घेऊन. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये झाली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या स्क्रीनवाल्या गाडीत ४४.९ सेकंद लागले, तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. कुंभार्लीत एवढ्या अंतरात किती वळणं येतात, ते तिथून गेलेल्या माणसाला सांगायला नको.

नव्याची मला अढी नाही. एबीएस हवंच, पट्टा न लावल्यास वाजणारी घंटा हवीच, गाडी मागे घेताना मागचं दाखवणारा कॅमेरा तर लहान मुलांच्या घरात फार मोलाचा. समोर अडथळा आला की आपोआप लागणारा ब्रेकही मला पटतो. सनरूफ मात्र आपल्या उन्हात कशासाठी, हे मला समजत नाही, आणि चालत्या गाडीत त्यातून मुलांना उभं करणाऱ्या आईबापांचा मला राग येतो. रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गाडी रांगेत ठेवणारी यंत्रणा, पट्टेच पुसले गेलेल्या घाटात काय करणार?

युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदत यांसाठी हाताला लागणारी बटणं किंवा दांडे नसतील तर गुण कापायचं ठरवलं आहे. आपल्या भारत एनकॅपनंही हे करावं, आणि आपल्या पावसासाठी त्यात काच निवळवण्याचं बटणही घालावं. तोवर हे काम गाडी घेणाऱ्यानंच करायचं आहे. शोरूममध्ये सनरूफ उघडायच्या आधी चालकाच्या जागेवर बसा, डोळे मिटा आणि काचेवर झोत सोडायचं बटण हातानं शोधा. सापडलं नाही, तर दुसरी गाडी बघा.