दोष रायफलीचा!

सुरुवातीलाच कबूल करते, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमधली. त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा नेम चुकणारच. सांभाळून घ्या! तसंही हा लेख नेम चुकण्याबद्दलच आहे.

गेल्या वर्षी एनसीसी कॅम्पला पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल हातात आली. २५ मीटरवर टार्गेट, झोपून पाच राउंड. फायरिंग झाल्यावर धावत जाऊन बघते तर काय, चार छिद्रं मोठ्या बशीभर पसरलेली आणि पाचवं गायबच! सगळ्या स्क्वाडसमोर मी ठणकावून सांगितलं, "उस्ताद, रायफल में प्रॉब्लम है."

उस्ताद काही बोलले नाहीत. तीच रायफल घेऊन आडवे झाले आणि शांतपणे पाच राउंड मारले. ती पाचही छिद्रं दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. "अब बोलो." मी काय बोलणार कपाळ! टीमचं सिलेक्शन दीड महिन्यावर होतं आणि माझं तोंड मात्र सगळ्यांना दिसलं होतं.

रात्री मालवणला घरी फोन लावला. आमच्या आजोबांकडे शेती राखायला परवान्याची ठासणीची बंदूक आहे. नारळावर वानर आले की ते हवेत बार काढतात. माझी रडकथा ऐकून आजोबा खो खो हसले. "गो बाय, बंदुकीक कित्याक नावां ठेवतंस? पयलो तुजो हात थाऱ्यार ठेव. आणि वारो खयसून येता ता माडाच्या चुडतांक इचार."

मग माझ्यातली मेकॅनिकलवाली जागी झाली. आजोबांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. रायफलीच्या नळीत मात्र नागमोडी नव्हे, तर स्क्रूसारखे पिळाचे खाचे असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि डगमगत नाही. म्हणजे मशीनने आपलं काम चोख केलेलं असतं. मग चूक कुठे?

वही घेऊन हिशेब मांडला. ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. रायफलीचं तोंड केसाच्या जाडीएवढं, ०.१ मिलिमीटर जरी हललं, तरी ५० मीटरवर गोळी सुमारे पाच मिलिमीटर सरकते. दहाचा नऊ होऊ शकतो! या अंतरात गोळी साधारण बारा सेंटिमीटर खाली पडते, पण तेवढं साइटमध्ये आधीच धरलेलं असतं. सेकंदाला चार-पाच मीटरचा आडवा वारा मात्र तिला दोन-तीन सेंटिमीटर ढकलतो. म्हणून रेंजवर झेंडे लावतात. आजोबांची चुडतं म्हणजे तेच की!

मेट्रोलॉजीच्या लेक्चरला अ‍ॅक्युरसी आणि प्रिसिजनमधला फरक मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो आता समजला. पाचही छिद्रं एकाच जागी, पण मध्यापासून लांब पडली, तर साइट फिरवून भागतं. पण पाच छिद्रं पाच दिशांना असतील तर स्क्रू कुठल्या बाजूला फिरवणार? आधी ग्रुपिंग, मग झिरोइंग.

उस्तादांची माफी मागितली. त्यांनी रिकाम्या रायफलच्या चेंबरमध्ये वापरलेलं केस घातलं, नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हणाले, ट्रिगर दाबा, नाणं पडता कामा नये. पहिल्या दिवशी वीसपैकी अठरा वेळा पडलं! आवाज होणार या भीतीने मी आधीच खांदा पुढे ढकलत होते, डोळे मिटत होते आणि ट्रिगर दाबायच्या ऐवजी खेचत होते. दोष सापडला होता. दीड महिना रोज अर्धा तास... श्वास अर्धा सोडा, थांबा, हळूच दाबा.

कंटाळा यायचा तेव्हा स्वप्निल कुसाळे आठवायचा. आमचा फोंडा घाट चढून गेलं की राधानगरी तालुका, तिथल्या कांबळवाडीचा हा गडी २०२४ च्या ऑलिंपिकपर्यंत रेल्वेत टीसी होता. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याने ब्राँझ जिंकलं. पात्रता फेरीत ५९० गुण, सातवा नंबर. फायनलला जेमतेम आठजण घेतात! १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून, प्रत्येक वेळी तोच श्वास, तेच बोट. मग माझ्या नाण्याचं काय एवढं!

सिलेक्शनच्या दिवशी चार छिद्रं नाण्याखाली मावली. पाचवं बाहेर. शेवटचा राउंड म्हणून घाई केली, दुसरं काय? टीममध्ये मी राखीव. वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू! उस्तादांनी विचारलं, "रायफल में प्रॉब्लम?" म्हटलं, "नहीं उस्ताद, पाँचवाँ मेरा है."

तर मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की व्हर्नियरला नावं ठेवण्याआधी एकदा स्वतःचा हात तपासा. मी अजून तपासतेच आहे. नाणं वीसपैकी दोनदा पडतं अजून!