माडीखालचे गाळे

ज्याचे घर बाजारपेठेत आहे, आणि त्यातही दुकानांच्या माथ्यावर आहे, त्यास घड्याळाची फारशी गरज पडत नाही. खालच्या फळ्या निघू लागल्या की सकाळ झाली, धान्याची गोणी ओट्यावर धप्पकन पडली की नऊ वाजले, आणि कुलपे लावल्याचा आवाज आला की निजावयास हरकत नाही, असा आमच्या घरातील तीन पिढ्यांचा हिशेब आहे. ऋतूदेखील आम्हांस पंचांगापेक्षा नाकानेच आधी कळतात. नवा गूळ आला की माडीपर्यंत गोड वास दरवळतो. आणि गावाबाहेरच्या पथारींवर मिरच्या वाळू लागल्या की वाऱ्याच्या एका झुळुकीसरशी सारे घर ठसकू लागते. नंदुरबारकरांस त्या ठसक्याचे काही वाटत नाही. ज्या वर्षी तो लागत नाही, त्या वर्षी मात्र काळजी वाटते.

तळमजल्यावर तीन गाळे आणि त्यांवर राहती माडी अशी ही आमची इमारत माझ्या आजोबांनी स्वातंत्र्यापूर्वी बांधली. भाडे खालून यावे व कुटुंब वर राहावे, एवढाच त्यांचा साधा विचार होता. घराचा इतिहास म्हणजे घरधन्यांचा इतिहास, असे सामान्यतः समजले जाते. आमच्या घरापुरते मला ते खरे वाटत नाही. घरधनी येथे बदललेच नाहीत. आजोबांची खुर्ची वडिलांकडे आणि वडिलांची माझ्याकडे आली, इतकेच. बदलले ते भाडेकरू; आणि गावात काय काय झाले हे आम्हांस वरून खाली पाहूनच कळत गेले.

आमचे गाव मुळातच वाटेवरचे व व्यापाराचे. चौदाव्या शतकात दौलताबादेहून खंबायतेस निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येथून गेला. येथील मराठ्यांचे हस्तकौशल्य, येथील वैद्य व ज्योतिषी यांची त्याने प्रशंसा केली, आणि जाता जाता लोक काय खातात तेही टिपून ठेवले: तांदूळ, भाजीपाला आणि तिळाचे तेल. नंदुरबारच्या किराण्याची याहून जुनी यादी माझ्या वाचनात नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तापीच्या खोऱ्यातून सुरतेची आगगाडी धावू लागली, आणि मुंबई-पुण्यापेक्षा सुरतच आम्हांस जवळची झाली. म्हणूनच आमच्या पेठेत गिऱ्हाईक अहिराणीत भाव विचारते, दुकानदार गुजरातीत मनाशी आकडेमोड करतो, आणि सौदा मराठीत तुटतो. 9 सप्टेंबर 1942 रोजी या गावात तिरंग्याच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि पाच कोवळी मुले पडली. त्यांतला शिरीषकुमार मेहता गुजराती मातृभाषेचा. गावाने त्यास कधी परका म्हटले नाही. आजही त्याचे नाव येथे घरच्या मुलाच्या नावासारखे घेतले जाते.

आमच्या पहिल्या गाळ्यातील पहिले भाडेकरू असेच एक गुजराती किराणा व्यापारी होते. आम्ही त्यांस शेठ म्हणत असू आणि ते माझ्या आजीस माय म्हणत. त्यांच्या दुकानात टेबल-खुर्ची नव्हती. पांढरी गादी, लोड, पितळी तराजू आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही एवढाच सरंजाम. आजीने जिन्यावरून हाक मारावी, शेठांनी पोऱ्याबरोबर माल वर धाडावा, आणि पैशांचे बोलणे दिवाळीपर्यंत निघू नये, ही रीत. आमच्या घरी कोणास मधुमेह झाला, कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, हे शेठांस साखरेच्या मापावरून कळत असे. ज्या वर्षी वडिलांची नोकरी गेली, त्या वर्षी वहीतील आमचे पान भरून दुसरे लागले. परंतु वर येणाऱ्या डाळीच्या पुडीचा आकार बदलला नाही. ती उधारी फेडावयास तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत शेठांनी भाडे मात्र दर महिन्यास रोख दिले. देणे आणि घेणे यांची त्यांनी कधी वजाबाकी केली नाही. तशी केली असती तर आमच्या घरी चूल पेटण्यास अडचण पडली असती, हे ते जाणून होते.

येथवर वाचून वाचकास वाटेल की हा गेलेल्या काळासाठी गहिवर चालला आहे. पण त्याच दुकानाचा ओटा मी वरून पाहिला आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून भिल्ल व पावरा मंडळी मोहाची फुले, डिंक, चारोळी घेऊन येत आणि मीठ, गूळ व रॉकेल घेऊन परत जात. आम्ही शेजारी म्हणून गादीच्या कडेस बसत असू. ती माणसे ओट्याखाली, उन्हात उभी राहत. त्यांची चारोळी मोजताना तराजूचा काटा एका बाजूस कलत असे व त्यांस मीठ देताना दुसऱ्या बाजूस. आमच्या पुडीचा आकार ज्या औदार्याने कायम राहिला, त्याची भरपाई कोठून होत असावी, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ उशिरा आला. एकाच तराजूवर दोन न्याय चालत. आणि ज्यास चेहऱ्याची ओळख होती त्यास त्यातला बरा वाट्यास येई. जुन्या दुकानाचा जिव्हाळा खरा होता, परंतु तो सर्वांसाठी नव्हता, हे सांगितल्यावाचून त्याचे गुण गाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

म्हणून 1958 च्या ऑक्टोबरात दशमान वजने येऊ लागली आणि शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक यांची हळूहळू रजा झाली, तेव्हा आमच्या आजीने जरी कपाळास हात लावला, तरी त्या बदलाकडे मी आज निराळ्या दृष्टीने पाहतो. सरकारी छापाचे वजन कोणाचा चेहरा पाहत नाही. त्याहून मोठा पालट 1990 नंतर झाला. बंद पुड्यावर सर्व करांसहित कमाल किंमत छापणे बंधनकारक झाले, आणि ज्यास चार अक्षरे वाचता येतात अशा डोंगरातल्या पोरालाही बिस्किटाच्या पुड्यासाठी किती पैसे पडतात ते शेठांस विचारावे लागेनासे झाले. शेठांच्या मुलाने तोवर गादी काढून लाकडी फळी मांडली होती. सुटा माल मागे गेला, पुडे पुढे आले. दुकानाची ऐट वाढली आणि बोलणे कमी झाले. छापील किमतीस घासाघीस नसते. आणि घासाघीस नसली की पोराबाळांची चौकशीही होत नाही.

दुसऱ्या गाळ्याची कथा याहून चंचल. तेथे प्रथम एक कासार होते. सणावारी माडीवर बांगड्यांची किणकिण ऐकू येई. त्यांच्यामागून घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ आले. मग पिवळ्या पाटीचे टेलिफोन बूथ आले, आणि रात्री दर उतरल्यावर मुंबईच्या मुलांशी बोलावयास आलेल्या आयांची रांग आमच्या जिन्यापर्यंत पोहोचू लागली. किती घरांची सुखदुःखे त्या काचेच्या खोक्यातून मोठ्याने बोलली गेली, आणि आम्ही ती नाइलाजाने ऐकली! मग प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आला व बूथ ओस पडले. त्या जागी आज त्याच टेलिफोनांची दुरुस्ती चालते. घड्याळे गेली, पण डोळ्यास भिंग लावून बसलेला माणूस मात्र त्या गाळ्यात पुन्हा आला, याची मला गंमत वाटते. तिसऱ्या, कोपऱ्यावरच्या गाळ्यात शिंपी होते, तेथे तयार कपडे आले, आणि आता औषधांचे दुकान आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून निराळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बदलून आलेले नोकरदार आले, त्यांच्याबरोबर तयार पीठ, पिशवीतले दूध आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही आल्या. कोपऱ्यावरच्या गाळ्याने ही हवा सर्वांच्या आधी ओळखली.

हे सारे पालट पाहताना मला असे वाटू लागले की दुकानाचा भाडेकरू बदलतो तेव्हा खरोखर बदलते ती विश्वासाची जागा. प्रथम आम्ही माणसावर विसंबत होतो, मग वजनावर, मग छापील किमतीवर, पुढे कारखान्याच्या नावावर. आणि आता टेलिफोनच्या काचेवर उमटणाऱ्या ताऱ्यांवर. प्रत्येक पायरीवर फसवणूक थोडी कमी झाली आणि ओळखही थोडी कमी झाली. यातले एक ठेवून दुसरे टाकता येईल काय, हा प्रश्न माझ्यापुढे केवळ विचाराचा म्हणून नव्हे, तर व्यवहाराचा म्हणून उभा राहिला तो अलीकडे.

2020 च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा पेठेतली बहुतेक दारे बंद झाली. किराण्याचे दार मात्र उघडे राहिले. त्या दिवसांत शेठांचे नातू दुकान चालवीत होते. आम्ही माडीवरून दोरीस टोपली बांधून खाली सोडीत असू आणि ती भरून वर येई. हिशेब पुन्हा वहीत लिहिला जाऊ लागला. आजोबांची ती लाल वही नातवाने कोठून शोधून काढली कोण जाणे! परंतु टाळेबंदी उठली, घरपोच माल धाडणाऱ्या गाड्या गल्लोगल्ली फिरू लागल्या, आणि एके दिवशी नातू वर आले, आईच्या पाया पडले, व म्हणाले, "माय, सुरतेस नोकरी मिळाली आहे. मुलांच्या शिक्षणाचे पाहावे लागते." तीन पिढ्यांचे दुकान त्यांनी आठ दिवसांत आवरले. त्यांस थांबा असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नव्हता; कारण आम्ही स्वतःच साबण व चहा आताशा टेलिफोनवरून मागवीत होतो.

गाळा रिकामा होताच मागणी आली. एका मोठ्या साखळी दुकानाच्या माणसाने देऊ केलेले भाडे जुन्या भाड्याच्या कितीतरी पट होते. जुन्या भाडेकऱ्यांचे भाडे कायद्याने वर्षास चार टक्क्यांच्या वर वाढत नाही. तेव्हा हा आकडा ऐकून पुण्याच्या ताईस व नाशिकच्या धाकट्या भावास आनंद झाला यात नवल नाही. घर तिघांचे आहे. गच्ची गळते आहे. ताईच्या यजमानांचे औषधपाणी महाग आहे. ताई टेलिफोनवर म्हणाली, "दादा, तू वर राहतोस म्हणून तुला खालच्या दुकानाचा लळा. आम्हांला फक्त भाडे दिसते, यात आमचे काय चुकले?" तिचे काही चुकले नव्हते.

दुसरी मागणी धडगावकडच्या एका महिला बचत गटाची होती. त्यांस भगर, दादर ज्वारी, नवापूरची तूरडाळ, मिरचीची पूड आणि मोसमात चारोळी विकावयाची होती. बोलणी करावयास तिघीजणी आल्या. त्यांतली वयस्क बाई गाळ्याच्या ओट्यापाशी आली आणि क्षणभर खालीच उभी राहिली. तिला कोणी थांबविले नव्हते. सवयीने पाय थांबला असावा. मग तिच्याबरोबरची तरुण मुलगी ओट्यावर चढली, गाळ्याची लांबी-रुंदी टेपने मोजू लागली आणि मला म्हणाली, "काका, वीज किती दाबाची आहे? चक्की बसवायची आहे." तिच्या टेलिफोनवर पैसे घेण्याची सोय होती, तिच्या पिशवीत छापाची वजने होती, आणि डाळ कोणत्या गावच्या कोणत्या शेतातली, हे ती नावानिशी सांगत होती.

त्या रात्री मी भावंडांस कळविले की गाळा बचत गटास तीन वर्षांच्या कराराने द्यावा, भाडे मध्यम घ्यावे, आणि मोठ्या दुकानाच्या भाड्याशी जो फरक पडेल तो ताईच्या वाट्यापुरता मी माझ्या वाट्यातून भरून द्यावा. भाऊ रुसला. ताई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मला पैसे हवेत, तुझे उपकार नकोत." शेवटी असे ठरले की फरकाची रक्कम गच्चीच्या कामात तिच्या नावाने धरावी. हा तोडगा फार सुंदर आहे असे नाही. तथापि घर एकत्र राहिले व गाळा उघडला.

कोणी म्हणेल की यात दयाबुद्धी आहे. मला तसे वाटत नाही. दया दाखवावयाची ती ओट्याखाली उभे असणाऱ्यास. या बाया तराजूच्या पलीकडे बसल्या आहेत. माझा लोभ निराळाच आहे. ओळख आणि खरे माप ही दोन्ही एकाच दुकानात नांदू शकतात की नाही, हे मला माझ्या हयातीत पाहावयाचे आहे. कदाचित नांदणार नाहीत. कदाचित तीन वर्षांनी हिशेब जुळणार नाही आणि गाळ्यास पुन्हा नवी पाटी लागेल. बाजारातल्या घरास हे नवे नाही. परंतु तोवर, जे दुकानांच्या माथ्यावर राहतात त्यांनी खालून भाडे किती येते हे जसे पाहावे, तसेच ओट्यावर कोणास बसावयास मिळते हेही वरून वाकून पाहावे, असे माझे म्हणणे आहे. सध्या सकाळी चक्की सुरू होते, माडीची जमीन किंचित थरथरते, आणि दादरच्या ताज्या पिठाचा वास जिन्याने वर येतो. आई म्हणते, आवाज फार होतो. आणि लगेच विचारते, पीठ आणलेस का?