ग्रेस

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा आईबरोबर चर्चच्या आवारात उभा होता. आईच्या हाती पेढ्यांचा पुडा होता. पण तो उघडलेला नव्हता. मी अभिनंदन करण्यासाठी पुढे झालो, तर मुलगा मान खाली घालून म्हणाला, "फादर, गणितात ग्रेसने पास झालो." मी चटकन बोलून गेलो, "म्हणजे ढकलपासच की!" आई कसनुशी हसली. मुलगा हसला नाही.

रात्री प्रार्थनापुस्तक उघडले, तेव्हा माझेच वाक्य मला टोचू लागले. ज्या शब्दावर मी वर्षानुवर्षे प्रवचने दिली, तोच शब्द एका मुलाच्या तोंडून ऐकताच मी त्याचे भाषांतर 'ढकलपास' असे केले होते.

इंग्रजीतील 'ग्रेस' हा शब्द मोठा बहुरूपी. लॅटिन 'ग्रात्सिया' हे त्याचे माहेर. फुकट या अर्थाचा 'ग्रातिस' त्याच कुळातला, आणि कामगाराची 'ग्रॅच्युइटी'ही त्याच घराण्यातली. मुळात ती धन्याने खुशीने दिलेली देणगी, १९७२ च्या कायद्याने ती हक्काची झाली. नर्तकीच्या चालीतला डौल म्हणजे ग्रेस. आर्चबिशपांना 'युवर ग्रेस' म्हणावयाचे. नागपूरच्या माणिक गोडघाटे यांनी तर हा शब्द कविनाम म्हणून घेतला आणि तो मराठीचाच होऊन गेला. रटाळ समारंभातली एकमेव बरी गोष्ट म्हणजे 'सेव्हिंग ग्रेस'. आमच्याकडे तो मान बहुधा शेवटच्या चहाला मिळतो. पदच्युत पुढाऱ्याविषयी वर्तमानपत्रे 'फॉल फ्रॉम ग्रेस' असे लिहितात. परंतु संत पौलाने गलतीकरांना लिहिताना कृपेला अंतरलेले म्हटले, ते नियमशास्त्राच्या बळावर नीतिमान ठरू पाहणाऱ्यांना. पडले ते स्वतःच्या गुणांवर विसंबणारे!

मला मात्र सर्वांत भावतो तो विम्याचा 'ग्रेस पीरियड'. वार्षिक हप्त्याची तारीख उलटली तरी आयुर्विमा महामंडळ निदान ३० दिवस थांबते. त्या अवधीत विमेदार दगावला तरी, थकलेला हप्ता वजा करून, घरच्यांना रक्कम मिळते. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यातही मुदतीच्या हुंडीला ३ दिवसांची 'ग्रेस' आहे. हिशेबाच्या रुक्ष व्यवहारातही कोणाला तरी हा शब्द आठवावा, याचे मला नवल वाटते. आपण रिक्षेच्या मागे 'आईवडिलांची कृपा' असे अभिमानाने रंगवतो. गुणपत्रिकेवर मात्र तीच कृपा आपल्याला डाग वाटते. देवदूताने मरियेला केलेल्या अभिवादनातला मूळ ग्रीक शब्द 'जिच्यावर कृपा झाली आहे ती' असाच आहे. तेथे आधी कोणती परीक्षा झाल्याची नोंद लूकने केलेली नाही.

सेमिनरीत कृपा हा आम्हांला स्वतंत्र विषय होता. कृपा आपल्या पूर्वीच्या कोणत्याही कृत्याने कमावता येत नाही, हा त्रेंत धर्मपरिषदेचा १५४७ चा निर्णय मी पाठ केला होता. तोंडी परीक्षेत नेमका तोच मला आठवेना. वृद्ध प्राध्यापक बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, मग त्यांनी एक अगदी सोपा प्रश्न विचारला. त्या विषयातले गुण मी घरी कधी सांगितले नाहीत.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची क्षमा मागितली आणि ही हकिकत सांगितली. "किती पडले होते, फादर?" त्याने विचारले. मी आकडा सांगितला. तेव्हा तो हसला, आणि त्याची आई स्वयंपाकघरातून पाहू लागली.

जेवायला बसलो. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेलाही इंग्रजीत 'ग्रेस'च म्हणतात; आभार या अर्थाच्या 'ग्रात्सियास'वरून. ती म्हणण्याचा मान आईने मला दिला, मी तो मुलाकडे सोपवला. भूक लागलेली असावी, त्याने ती भराभर उरकली. शेवटी पेढे आले. आठवडाभरात ते थोडे कडक झाले होते.