महिन्यांचा हिशेब

मोठ्या आंतड्याचा कर्करोग एकदां यकृतापर्यंत पसरला म्हणजे औषधांच्या प्रगतीचें माप महिन्यांनीं घ्यावें लागतें. औषधाविना सुमारें ६. एकट्या फ्लुओरोयुरॅसिलनें १२ च्या आसपास. दोन-तीन औषधांच्या संयोगानें २०. प्रतिपिंडांची जोड मिळाल्यावर, निवडक रुग्णांवरील प्रयोगांत, ३०. हे सारे मध्यक होत. निम्मे रुग्ण त्यापूर्वींच जातात, निम्मे त्यापुढें जगतात. माझी थोरली बहीण कोणत्या निम्म्यांत आहे, हें त्यांत लिहिलेलें नसतें.

मी इंग्रजीचा अध्यापक. रसायनाशीं माझा संबंध कधींच सुटला. तरी या औषधांची कुळकथा मीं वाचून काढिली. फ्लुओरोयुरॅसिल १९५७ सालीं विस्कॉन्सिनच्या चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें आणिलें. उंदरांच्या यकृतांतील कर्कपेशी युरॅसिल हें द्रव्य निरोगी पेशींपेक्षां अधिक शोषून घेतात, असें दिसून आलें होतें. म्हणून त्यांनीं त्या रेणूंतील हायड्रोजनच्या एका अणूच्या जागीं फ्लुओरिनचा अणु बसविला. पेशी तो घांस ओळखीचा समजून गिळते आणि तिचें नवें डीएनए घडविण्याचें काम अडून बसतें. युक्ति साधी, पण पुढें जवळजवळ चाळीस वर्षें या रोगावर तिच्या तोडीचें दुसरें कांहीं हातीं आलें नाहीं.

अक्काला प्रथम त्याच्या जोडीस ऑक्झॅलिप्लॅटिन दिलें. हें प्लॅटिनमचें संयुग मज्जातंतूंस बाधतें. गार वस्तूचा स्पर्श विंचवाच्या नांगीसारखा लागतो. पन्नास वर्षें पहांटे देवपूजेचें पाणी स्वतः भरणाऱ्या अक्काला सून तें कोमट करून देऊं लागली, आणि त्याचें तिला देवापुढें ओशाळें वाटे. आठ महिन्यांनीं गांठी पुन्हां वाढल्या. डॉक्टरांनीं इरिनोटेकन सुचविलें.

त्याचें मूळद्रव्य कॅम्प्टोथेसिन. एका चिनी वृक्षापासून तें मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनीं अमेरिकेंत १९६६ सालीं ओळखून काढिलें. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. तेंच द्रव्य आमच्या सह्याद्रींतील नरक्यांतहि सांपडतें. ज्याच्या दुर्गंधीनें महाबळेश्वराच्या रानांत आपण नाकाला रुमाल लावतों, त्या झाडाची या द्रव्यापायीं बेसुमार तोड झाली!

हें सारें मीं अक्काला सांगितलें. महिन्यांचे आंकडेहि सांगूं लागलों. तिनें मध्येंच थांबविलें. "तें राहूं दे रे. या औषधानें गार पाणी टोंचतें का, एवढें विचारून ये."

मीं विचारलें. तो त्रास यांत नाहीं; अतिसार होतो आणि केस जातात. अक्कानें होकार दिला.