दाण्यामागचं देणं

माझं शिक्षण डाळिंबावर झालं. सांगोला तालुक्यातल्या आमच्या मुरमाड रानातल्या बागेने वसतिगृहाची फी भरली, पुस्तकं घेऊन दिली आणि मला पुण्याला एम.एस्सी.पर्यंत नेलं. ती बाग राखली थोरल्या काकूंनी. काका अकाली गेले, त्यानंतर घरही त्यांनीच ओढलं आणि बागही. त्यांचं माझ्यावरचं ऋण फीपुरतं नाही. आज मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि त्यातला फुलाचा धडा मी काकूंच्या मागे मागे सरीतून फिरताना शिकले आहे.

आंबे बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. पानगळ झाली की छाटणी, मग शेणखत, आणि जानेवारीत पाणी सोडायचं. काही आठवड्यांत काड्या लालभडक कळ्यांनी भरतात. काकू रोज सकाळी ओळीने फिरायच्या, कळी दोन बोटांत धरून तिचा बुडखा बघायच्या. “ही खालनं गाडग्यागत फुगलीय बग, ही धरणार. ही निमुळती हाय, ही गळणार.” पुढे पुस्तकात वाचलं ते हेच. डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन तऱ्हांची फुलं येतात. फुगीर बुडाच्या फुलात बीजांडकोश पुरता वाढलेला असतो, कुक्षी पुंकेसरांच्या उंचीपर्यंत किंवा वरही आलेली असते. निमुळत्या फुलात हा सगळा भाग खुंटलेला असतो. पराग देऊन ते गळून पडतं. शेतकरी यांना मादी कळी, नर कळी म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने मादी कळी खरं तर उभयलिंगी असते, पण फळ कुठलं धरणार हे ओळखायला काकूंना तेवढी नावं पुरेशी होती.

गळणाऱ्या फुलांचा मात्र त्या राग करायच्या नाहीत. “माश्यांचं पोट त्यातनंच भरतंय,” म्हणायच्या. डाळिंबाच्या फुलात मकरंद बेताचा आणि पराग भरपूर. एकेका फुलात शेकडो पुंकेसर असतात.

डाळिंबात आपण खातो तो गर बीच्या आवरणाचा असतो. म्हणून एकेक दाणा म्हणजे एकेक बी, आणि प्रत्येक बीमागे एक स्वतंत्र फलन. एक परागकण कुक्षीवर टेकतो, त्याची नळी कुक्षीवृंतातून खाली उतरत एका बीजांडापर्यंत पोचते. तिच्यातून दोन पुंयुग्मकं येतात. एक अंड्याशी मिळतं आणि गर्भ होतो, दुसरं मधल्या केंद्रकांशी मिळून त्या गर्भाच्या पोषणाची सोय करतं. हे दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी 1898 साली लिलीच्या कुळातल्या फुलांत प्रथम पाहिलं. वर्गात हे शिकवताना मी मुलांच्या हातात फोडलेलं डाळिंब देते आणि दाणे मोजायला लावते. जितके दाणे, निदान तितके परागकण त्या एका फुलात नेमके जागेवर पोचलेले असतात.

डाळिंबाचं फूल स्वतःच्या परागावरही फळ धरतं, पण वाऱ्याच्या हातून हे काम फारसं होत नाही. माशी फुलात शिरून केसरांत लोळते तेव्हा पराग हलतो, दुसऱ्या झाडाचाही येतो. पराग कमी पडला की दाणे कमी भरतात, फळ लहान राहतं किंवा एका अंगाला बसतं, आणि बाजारात त्याला मागच्या प्रतीचा भाव मिळतो.

आमच्या बागेत फुलोरी माशी डाळिंबाच्या झुडपातच फांदीला एकच छोटं पोळं बांधायची. काकू त्या फांदीला लाल चिंधी बांधून ठेवायच्या. छाटणीच्या माणसाला सक्त ताकीद असे, चिंधीच्या फांदीला कात्री लावायची नाही. सातेरी आणि आग्याही यायच्या. तेल्या रोगाने बागा उठवल्या त्या वर्षांत फवारणी काकूंनाही चुकली नाही, पण फुलं असताना त्यांचा पंप दिवस मावळल्यावरच सुरू व्हायचा. एकदा बांधापलीकडच्या बागेत भर सकाळी कीटकनाशक मारलं गेलं आणि आमच्या झाडांखाली माश्यांचा खच पडला. काकू भांडायला गेल्या नाहीत. मेलेल्या माश्या ओंजळीत घेऊन बांधावर गेल्या. “दादा, ह्या तुमच्याबी रानात कामाला हुत्या,” एवढंच बोलल्या. पुढच्या बहारापासून दोन्ही बागांची फवारणी सांजचीच झाली. परागीभवनावर मी पुष्कळ वाचलं आहे, इतकं नेमकं वाक्य मला कुठे सापडलं नाही.

देणं काकूंपाशी थांबत नाही. पुण्यात गणेशखिंडला डॉ. चीमा यांनी आळंदीच्या वाणातून 1936 मध्ये निवड केली, तिचीच पुढे ‘गणेश’ ही जात झाली. गणेश आणि रशियन गुलेशाह रेड यांच्या संकरातून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मृदुला दिली. संकर करायचा म्हणजे कळी उमलण्याआधी चिमट्याने केसर काढायचे, फूल पिशवीत झाकायचं, आणि हव्या त्या झाडाचा पराग कुक्षीवर हाताने लावायचा. माशीचं काम माणसाने करायचं. ते किती चिकाटीचं आहे हे मी विद्यार्थिनी असताना केलं तेव्हा कळलं. 2005 पासून सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता काकूंचे गुडघे सरीत चालू देत नाहीत. बहारात त्यांचा फोन येतो, पहिला प्रश्न कळीचा, दुसरा माश्यांचा. त्यांना काही द्यायला गेलं तर हात मागे घेतात. म्हणून ज्यांची डाळिंबाची बाग आहे त्यांना माझी विनवणी आहे: फुलं असताना फवारायचंच असेल तर दिवस मावळल्यावर फवारा, आणि फांदीला फुलोरीचं पोळं दिसलं तर त्या हंगामापुरती ती फांदी राहू द्या.